विश्लेषण : तोफांच्या सरावासाठी गावांची जमीन कोणाच्या सहीने जाते? तिचा हिशेब संसदेत का दिसत नाही?

सन २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाच्या वाट्याला ६ लाख ८१ हजार २१० कोटी रुपये आले. केंद्राच्या एकूण खर्चातील हा वाटा १३.४५ टक्के आहे. यातील १ लाख ८० हजार कोटी रुपये नवी विमाने, जहाजे, तोफा अशा भांडवली खर्चासाठी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये ‘के-९ वज्र’ या स्वयंचलित तोफांसाठी ७,६२८.७० कोटी रुपयांचा करार झाला. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये ३०७ ‘अॅटॅग्स’ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला. या रकमा संसदेच्या कागदपत्रांत दिसतात आणि त्यांवर प्रश्नही विचारले जातात. मात्र या तोफा चालवायला शिकण्यासाठी लागणारी जमीन कोणती, ती किती वर्षांसाठी, तिथल्या गावांना काय मिळते, याचा एकत्रित हिशेब संसदेसमोर येत नाही. असे का होते, याचा हा आढावा.

सराव क्षेत्रे किती प्रकारची असतात?

लष्कराच्या गोळीबार सराव क्षेत्रांचे, म्हणजे फील्ड फायरिंग रेंजचे, दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार संपादित क्षेत्रांचा. ही जमीन संरक्षण खात्याच्या मालकीची असते. दुसरा प्रकार अधिसूचित क्षेत्रांचा. इथे मालकी शेतकऱ्यांची, वन विभागाची किंवा राज्य सरकारची राहते. राज्य सरकारच्या अधिसूचनेने ठरावीक वर्षांसाठी तिथे सरावाची मुभा मिळते. सरावाच्या दिवशी माणसे आणि जनावरे बाहेर काढली जातात, सराव संपला की परत येऊ दिली जातात.

संपादित जमिनीची नोंद निदान असते. संरक्षण संपदा विभागाने जानेवारी २०२२ मध्ये १७.७८ लाख एकर संरक्षण जमिनीची मोजणी पूर्ण केल्याचे जाहीर केले. स्वातंत्र्यानंतर अशी संपूर्ण मोजणी पहिल्यांदाच झाली. यातील १.६१ लाख एकर जमीन तेव्हाच्या ६२ कटक मंडळांच्या हद्दीत आणि उरलेली सुमारे १६.१७ लाख एकर हद्दीबाहेर आहे. मालकीच्या जमिनीची मोजणी व्हायला पंचाहत्तर वर्षे लागली असतील, तर मालकी नसलेल्या जमिनीकडे किती लक्ष गेले असेल, याचा अंदाज बांधता येतो.

अधिसूचनेचा कायदा काय सांगतो?

‘मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अॅक्ट’ हा कायदा १९३८ चा, म्हणजे ब्रिटिश काळातील आहे. त्यानुसार एखादे क्षेत्र ठरावीक मुदतीसाठी गोळीबाराच्या सरावाकरिता जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. सरावाची आगाऊ सूचना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत गावोगाव द्यावी लागते. पीक, घर किंवा मालमत्तेचे नुकसान झाल्यास महसूल अधिकाऱ्याने जागेवर पाहणी करून भरपाई ठरवायची असते.

या साखळीत तलाठ्यापासून राज्य सरकारपर्यंत सगळे आहेत, संसद मात्र कुठेच नाही. अधिसूचना राज्याच्या राजपत्रात निघते आणि मुदत संपत आली की तिचे नूतनीकरण होते. जमीन कायमची घ्यायची असेल तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि पुनर्वसन आहे, संरक्षणासाठी तातडीच्या सवलतीही आहेत. अधिसूचनेच्या मार्गाने गेल्यास यातले काहीच लागू होत नाही. वीस-तीस वर्षे अधिसूचित राहिलेल्या गावाच्या दृष्टीने हा ‘तात्पुरता’ वापर एका पिढीएवढा लांबतो.

अहिल्यानगरच्या के. के. रेंजचा वाद काय?

महाराष्ट्रातील ओळखीचे उदाहरण म्हणजे के. के. रेंज. खारे कर्जुने या गावावरून हे नाव पडले. अहिल्यानगर येथे लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे. रणगाडा दलाच्या प्रशिक्षणात या क्षेत्राला तोड नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अर्जुन रणगाड्यावरून लेझरने लक्ष्याचा वेध घेणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणीही इथेच झाली.

याच क्षेत्रालगतची नगर, राहुरी आणि पारनेर तालुक्यांतील २३ गावे अनेक वर्षे अनिश्चिततेत आहेत. सरावासाठी अधिसूचित झालेली जमीन पुढे कायमची संपादित होईल, अशी भीती २०२० मध्ये उफाळून आली आणि आंदोलने झाली. लोकप्रतिनिधींनी दिल्लीत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांची भेट घेतली. यातील काही गावांनी मुळा धरणासाठी आधीच जमीन गमावली आहे. घर बांधावे की नाही, विहीर खणावी की नाही, बागायत लावावी की नाही, हे प्रश्न त्यांच्यासाठी रोजचे आहेत.

हा वाद कुठल्या मंचावर चालला, हेही पाहण्यासारखे आहे. मोर्चा, निवेदन, मंत्र्यांची भेट, आश्वासन. संसदीय समितीसमोर गावकरी, जिल्हा प्रशासन आणि लष्कर अशा तिन्ही बाजू मांडल्या जाव्यात, अशी व्यवस्थाच नाही.

इतर राज्यांत काय घडले?

झारखंडमधील नेतरहाट क्षेत्रात १९६४ ते १९९४ या काळात तोफांचा सराव होत होता. अधिसूचनेत २४५ गावे आणि १,४७१ चौरस किलोमीटर क्षेत्र होते. मार्च १९९४ मध्ये आदिवासींनी लष्कराच्या गाड्या अडवल्या आणि सराव थांबला. तरीही कागदोपत्री अधिसूचना मे २०२२ पर्यंत जिवंत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने मुदतवाढ न देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे ज्या जमिनीवर २८ वर्षे एकही गोळा डागला गेला नाही, ती तेवढाच काळ सराव क्षेत्र म्हणून नोंदलेली राहिली. लष्कराला तिचा उपयोग नव्हता आणि गावांना शांतता नव्हती.

काश्मीरच्या बडगाम जिल्ह्यातील तोसामैदान या कुरणाचा ५० वर्षांचा करार २०१४ मध्ये संपला आणि नूतनीकरण झाले नाही. न फुटलेल्या गोळ्यांमुळे तिथे ६० हून अधिक लोकांचा जीव गेल्याचे स्थानिक सांगतात. लष्कराने नंतर शोधमोहीम राबवून कुरण साफ केले. बिहारच्या गया जिल्ह्यात मार्च २०२३ मध्ये सराव क्षेत्रालगतच्या गावात तोफगोळ्याने एकाच कुटुंबातील तिघांचा बळी घेतल्याचे पोलिसांनी सांगितले.

मग लष्कराने सराव करायचा कुठे?

हा प्रश्न तितकाच खरा आहे. तोफेच्या सरावासाठी केवळ लक्ष्याची जागा पुरत नाही. गोळा लांब पडला, बाजूला गेला किंवा उसळला तरी कोणाला इजा होऊ नये म्हणून तोफेपासून पंख्याच्या आकाराचे क्षेत्र रिकामे ठेवावे लागते. कोन तोच राहिला तर या पंख्याचे क्षेत्रफळ पल्ल्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०५ मिमीच्या जुन्या इंडियन फील्ड गनचा पल्ला सुमारे १७ किलोमीटर, तर ‘अॅटॅग्स’चा ४० किलोमीटरहून अधिक आहे. पूर्ण पल्ल्याने मारा करायचा तर रिकामे क्षेत्र पाचपटीहून जास्त लागते. प्रणोदकाचे प्रमाण कमी करून जवळचा मारा करता येतो आणि सिम्युलेटरही आहेत. तरी खऱ्या गोळ्याचा सराव पूर्णपणे टाळता येत नाही.

सरावातील जोखीम सैनिकही उचलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकजवळच्या देवळाली येथे सरावादरम्यान गोळा फुटून दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला. चार वर्षांच्या सेवेत अग्निवीराच्या वाट्याला प्रशिक्षणाचे दिवस मोजकेच येतात. ते सुरक्षित क्षेत्रात, पुरेशा दारूगोळ्यासह मिळावेत ही अपेक्षा रास्त आहे. त्यामुळे सराव क्षेत्राचा प्रश्न ‘लष्कर विरुद्ध गावकरी’ असा मांडणे चुकीचे ठरते. दोघांनाही निश्चित आणि जाहीर व्यवस्था हवी आहे.

संसद संरक्षण खर्चावर लक्ष कसे ठेवते?

संरक्षण मंत्रालयाच्या चार अनुदान मागण्या असतात : नागरी खर्च, सेनादलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. लोकसभेत त्यांवर चर्चा व्हायला हवी. प्रत्यक्षात अनेकदा वेळ संपतो आणि ‘गिलोटिन’ पद्धतीने सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. २०१८ आणि २०२३ मध्ये तर सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या.

खरी छाननी होते ती संरक्षणविषयक स्थायी समितीत. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात, पक्षादेश लागू नसतो, त्यामुळे प्रश्न मोकळेपणाने विचारले जातात. मार्च २०१८ मध्ये तत्कालीन लष्कर उपप्रमुखांनी या समितीला सांगितले होते, की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट झाली आहे आणि अत्याधुनिक सामग्री जेमतेम ८ टक्के आहे. आधीच्या करारांचे हप्ते फेडायलाच २९,०३३ कोटी रुपये लागणार असताना २१,३३८ कोटी मिळाल्याचेही त्यांनी नोंदवले. इतके स्पष्ट बोल समितीमुळेच लोकांपर्यंत पोहोचले.

दुसरे साधन म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक, अर्थात कॅग, आणि त्यांच्या अहवालांवर काम करणारी २२ सदस्यांची लोकलेखा समिती. २०१७ च्या अहवालात कॅगने दाखवले, की दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता. सरावासाठीच्या दारूगोळ्याची टंचाईही याच अहवालात पुढे आली. त्यावर वादळ उठले. छाननीने लष्कर कमकुवत होत नाही, उलट त्याला हवे ते मिळण्याची शक्यता वाढते.

पोकळी नेमकी कुठे आहे?

समितीपुढे जी आकडेवारी येते ती रुपयांत मोजता येणाऱ्या गोष्टींची असते. संपादित जमिनीचा खर्च भांडवली खर्चात ‘जमीन’ या शीर्षाखाली दिसतो. अधिसूचित क्षेत्राला खरेदीची किंमत नसते, त्यामुळे अर्थसंकल्पाच्या दृष्टीने ते जवळपास फुकट असते. पिकांची भरपाई वेगळी उठून दिसत नाही. गुंतवणूक न झालेली विहीर, न मिळालेले पीककर्ज, कुरणात जाता न आल्याने विकलेली जनावरे यांची नोंद तर कुठल्याच खात्यात होत नाही. जे फुकट दिसते त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही.

खासदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, पण ते एका क्षेत्रापुरते असते. देशात किती अधिसूचित क्षेत्रे आहेत, त्यांच्या मुदती कधी संपतात, वर्षातून किती दिवस सराव होतो, किती अपघात झाले, किती भरपाई थकली, हे दरवर्षी सभागृहासमोर मांडण्याचे बंधन १९३८ च्या कायद्यात नाही.

इतर देश हे कसे करतात?

अमेरिकेत १९५८ च्या एंगल कायद्यानुसार लष्करी वापरासाठी पाच हजार एकरांपेक्षा जास्त सार्वजनिक जमीन राखून ठेवायची असेल तर त्यासाठी काँग्रेसने स्वतंत्र कायदा करावा लागतो. मुदत संपली की पुन्हा काँग्रेसपुढे जावे लागते. नेवाडातील विशाल सराव क्षेत्र वाढवून लगतच्या वन्यजीव अभयारण्यात नेण्याची हवाई दलाची मागणी होती. २०२१ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण कायद्यात काँग्रेसने आधीच्या क्षेत्राला मुदतवाढ दिली, विस्ताराला मान्यता दिली नाही. पुढे त्याच राज्यातील फॅलन येथील नौदलाच्या क्षेत्राचा विस्तार मात्र मंजूर झाला; पण त्यासोबत स्थानिक मूलनिवासी समुदायांसाठी जमीन आणि निधीची तरतूद कायद्यातच केली गेली. तिथले कायदे सरकारी जमिनीपुरते आहेत, आपल्याकडे प्रश्न खासगी शेतीचा आहे. म्हणजे इथे संमती आणि छाननीची गरज अधिकच आहे.

गोपनीयतेचे काय?

संरक्षणाचा विषय आला की गोपनीयतेची ढाल पुढे केली जाते. कॅगचे काही संरक्षणविषयक अहवाल गेल्या काही वर्षांत संसदेत मांडले गेले, पण संकेतस्थळावर टाकले गेले नाहीत. शस्त्रसाठ्याबाबत हा युक्तिवाद एकवेळ समजता येतो. सराव क्षेत्राला मात्र तो लागू पडत नाही. त्याच्या सीमा राजपत्रात छापलेल्या असतात, सरावाच्या तारखा दवंडीने सांगितल्या जातात. गावातल्या प्रत्येकाला जे ठाऊक आहे, ते खासदारांना आकडेवारीच्या रूपात देण्याने शत्रूच्या हाती काही नवे लागत नाही.

पुढे काय करता येईल?

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. संरक्षण मंत्रालयाने दरवर्षी अनुदान मागण्यांसोबत सराव क्षेत्रांचे एक विवरण स्थायी समितीला द्यावे. क्षेत्र, गावांची संख्या, मुदत, सरावाचे दिवस, अपघात, मंजूर व थकीत भरपाई आणि न फुटलेल्या गोळ्यांच्या सफाईची स्थिती एवढे त्यात असले तरी पुरे. तोफा किंवा रणगाड्यांच्या मोठ्या खरेदीचा प्रस्ताव येताना त्यासाठी किती सराव क्षेत्र लागेल, याचाही अंदाज सोबत यावा. १९३८ च्या कायद्यात नूतनीकरणापूर्वी ग्रामसभेची सुनावणी आणि वापर नसलेले क्षेत्र आपोआप मुक्त होण्याची तरतूद घालता येईल. असे झाले असते तर नेतरहाटची २८ वर्षे वाया गेली नसती.

नव्या तोफा दाखल होत जातील तसा मोठ्या क्षेत्रांसाठीचा दबाव वाढणार आहे. तो के. के. रेंजसारख्या ठिकाणी पुन्हा मोर्चे आणि आश्वासनांतून सोडवायचा, की संसदेच्या टेबलावर आकडे ठेवून, हे आत्ताच ठरवावे लागेल. तोफेची किंमत विचारणाऱ्या संसदेने ती जिथे चालवली जाणार त्या जमिनीची किंमतही विचारायला हवी.