लग्नाविना संपलेली कादंबरी

‘चार-चार कादंबऱ्या वाचायच्या आणि शेवटी नायकाचे लग्नसुद्धा नाही, हे कसले वाङ्मय?’ भालचंद्र नेमाडे यांच्या ‘चांगदेव चतुष्टया’विषयी हा आक्षेप आमच्या कानांवर वारंवार येतो. अशी निराशेची पुस्तके धर्मग्रामाच्या वाचनालयात नकोत, ही सूचनाही त्यामागोमाग येते. ती आम्हांस मान्य नाही.

‘बिढार’ व ‘हूल’ १९७५ साली आल्या, ‘जरीला’ १९७७ साली आणि शेवटची ‘झूल’ १९७९ साली. प्राध्यापक चांगदेव पाटील गावे बदलतो, नोकऱ्या बदलतो. भाड्याच्या खोल्या, महाविद्यालयांतील जातीची गणिते, सहकाऱ्यांच्या लग्नांच्या खटपटी, हे वाचताना हसू फुटते आणि लगेच घशात अडकते. ‘हूल’मध्ये त्याचे मन पारू सावनूर या ख्रिस्ती तरुणीकडे ओढ घेते, ते प्रेम विवाहवेदीपर्यंत पोहोचत नाही. (पोहोचते, तर १०८६ व्या नियमानुसार सूट मागण्याचे कागद कुणा धर्मगुरूच्या मेजावर आले असते!)

शेवटच्या पानावर लेखकाने त्याचे लग्न लावून दिले असते, तर आक्षेपकांचे समाधान झाले असते. पण वाचकहो, ते लग्न कुणाच्या संमतीने झाले असते? केवळ वाचकांच्या! १९८३ च्या धर्मसंहितेचा १०५७ वा नियम सांगतो की विवाह वधूवरांच्या संमतीनेच घडतो आणि कोणतीही मानवी सत्ता त्यांच्या वतीने ती देऊ शकत नाही. कादंबरीकार ती देत नाही, म्हणून आपण रागावतो. आईबाप, मामा, मध्यस्थ मात्र ती खुशाल देऊन टाकतात आणि आपण जेवणावळीला बसतो.

झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर घालायचे शोभेचे वस्त्र. कापडावर जगलेल्या या सोलापुरात ते अधिक फोड करून सांगायला नको. वर नक्षी असते, खाली जुवाने पडलेला घट्टा. आमच्याही घरांत स्थळ पाहताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, जावयाची नोकरी मोजली जाते आणि मग सारे काही ‘देवाची इच्छा’ या झुलीखाली झाकले जाते. हे झाकणे ज्या पुस्तकाला जमत नाही, ते तरुणांच्या हाती पडू नये, असे कुणाला वाटते? बहुधा झाकणाऱ्यांनाच.

आमचा नेमाड्यांवर आक्षेप आहे, तो वेगळा. चारही पुस्तकांत स्त्री दिसते ती बहुतांशी पुरुषाच्या नजरेतून. पारूच्या मनात काय चालले होते, हे तिच्या तोंडून आपल्याला पुरेसे कळत नाही. तिची संमती, तिचा नकार, तिचे भय यांना स्वतंत्र जागा मिळायला हवी होती. म्हणून वाचनालयाच्या चालकांना आम्ही सुचवतो की चतुष्टय काढू नका. त्याच्या शेजारी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ ठेवा. १८५७ सालच्या त्या कादंबरीत विधवांची दुःखे पाहत फिरणारी यमुना आहे, आणि ती एका मराठी ख्रिस्ती लेखकाने लिहिलेली आहे.