‘प्रौढांसाठी’च्या रिळांना वाली कोण?

जालना जिल्ह्यातील राजूर येथे अंगारकी चतुर्थीला गणेशभक्तांची रीघ लागते. मराठवाड्यातील यात्रा-जत्रांमध्ये तंबूतील टॉकीज हे एकेकाळी मोठे आकर्षण असे. शहरांत फिरून झिजलेल्या प्रिंट खेडोपाडी अखेरचे दिवस काढत आणि मग भंगारात जात. पौराणिक वा कौटुंबिक चित्रपट असे नष्ट झाल्याबद्दल आज निदान हळहळ तरी व्यक्त होते. ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का बसलेल्यांच्या वाट्याला तीही येत नाही.

वास्तविक हा शिक्का म्हणजे अश्लीलतेचा दाखला नव्हे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या १९६८ च्या माहितीपटाला, मुंबईच्या वेश्यावस्तीतील दृश्यांमुळे, सेन्सॉरने ‘ए’ प्रमाणपत्र देऊ केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सरकारने काटछाटीविना ‘यू’ देण्याची तयारी दाखवली. १९७० च्या निकालाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले. तथापि लैंगिकता आणि अश्लीलता नेहमीच समानार्थी नसतात, हेही बजावले. तेव्हाच्या समाजाला काय सोसवत नव्हते, याचा पुरावा अशाच चित्रपटांत असतो.

हा पुरावा टिकवणे सोपे नाही. ॲसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत कुजते; व्हिनेगरसारखा वास सुटतो, पट्टी आक्रसते. थंड, कोरड्या कोठारात ही क्रिया मंदावते, थांबत नाही. अशी कोठारे पुण्याच्या, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आहेत. सुमारे २,२०० चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपयांची योजना २०२२ मध्ये जाहीर झाली. परंतु निवड करायची म्हटली की प्रतिष्ठित चित्रपट पुढे आणि बदनाम चित्रपट मागे, हे ओघाने आलेच.

‘इंटरनेटवर सारे मिळते’ हा भ्रम आहे. तेथे सापडते ती बहुधा व्हीसीडीवरून उतरवलेली अंधूक प्रत. तीत सेन्सॉरने काय कापले आणि थिएटरवाल्याने मागाहून काय घुसडले, हे कळत नाही. मूळ रीळ आणि कापलेल्या दृश्यांची नोंद असलेले प्रमाणपत्र एकत्र जपले, तरच अभ्यासकाला त्याचा उपयोग.

अर्थात संग्राहकाला मोकळे रान नाही. अश्लील साहित्याची विक्री वा प्रदर्शन भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ नुसार गुन्हा आहे. कला आणि ज्ञानाच्या हितासाठी मात्र त्यात अपवाद आहे. बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारे साहित्य बाळगणेही गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. तेथे संग्रहाची सबब चालणार नाही. फसवून वा बळजबरीने चित्रित झालेल्या स्त्रीच्या अप्रतिष्ठेलाही ‘वारसा’ म्हणता येत नाही.

म्हणूनच जतन आणि प्रदर्शन हे दोन निर्णय वेगळे ठेवायला हवेत. पाहण्यावर बंधने जरूर असावीत. ती पुढे सैल वा कडक करता येतील. नष्ट झालेले रीळ मात्र कोणत्याही पिढीला परत आणता येणार नाही.