दुसऱ्याला वाचता येईल अशी यादी

कामांच्या याद्या ठेवायचं वंडरलिस्ट हे ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. एव्हरनोटने २०२३ संपता संपता फुकट वापरणाऱ्यांवर पन्नास टिपणांची मर्यादा आणली. अशी बातमी आली की या सदराच्या वाचकांचा प्रश्न ठरलेला असतो: मग आता कुठलं ॲप घेऊ? मला वाटतं, आधी वेगळंच विचारायला हवं. तुम्ही लिहून ठेवलेलं दुसऱ्या कुणाला, तुम्हाला न विचारता, उघडून वाचता येईल का? याबाबतीत मुक्तस्रोतवाल्या प्रोग्रामर मंडळींकडून शिकण्यासारखं खूप आहे. त्यांचं सगळं काम अनोळखी माणसाला समजेल अशा लिहिण्यावरच चालतं.

कार्स्टन डॉमिनिक हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीतून ग्रह कसे घडतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. स्वतःची टिपणं आणि कामं एका ठिकाणी राहावीत म्हणून २००३ मध्ये त्यांनी मजकूर लिहायच्या ईमॅक्स या प्रोग्राममध्ये एक सोय करून घेतली. तिचं नाव ऑर्ग-मोड. फाइल साध्या मजकुराची. ओळीच्या सुरुवातीला एक तारा (*) टाकला की ते शीर्षक, दोन टाकले की उपशीर्षक. शीर्षकाआधी 'टूडू' लिहिलं की ते करायचं काम, उरकलं की तिथेच 'डन'. खाली तारीख घातली की वेगवेगळ्या फायलींतली कामं आठवड्याच्या एका पानावर दिसतात. उद्या ईमॅक्स नसलं तरी हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडते, कागदावर छापता येते, आणि तारे-तारखांसकट कुणालाही कळते.

डॉमिनिक यांनी ऑर्ग-मोड सगळ्यांना खुलं केलं आणि लोक कळवू लागले: हे अडतंय, ते हवंय, ही घ्या दुरुस्ती. ऑर्गच्या माहितीपुस्तिकेत शेवटाकडे एक प्रकरण आहे, ते मुद्दाम वाचावं. कुणी कल्पना सुचवली, कुणी चूक शोधली, कुणी अख्खा भाग लिहिला, याची नावानिशी नोंद तिथे आहे. मोठी भर घालणाऱ्याकडून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे हक्कांचे कागद भरून घेतात. पंधरा-एक ओळींची दुरुस्ती त्याशिवाय चालते. काहींना हा जाच वाटतो. मला तो रास्त वाटतो. पुढे कधी कुणी हक्क सांगत आलं तर दाखवायला कागद असतो. २०११ मध्ये डॉमिनिक यांनी देखभाल बास्तियाँ गेरी यांच्याकडे सोपवली, आणि ऑर्ग चालूच राहिलं.

मराठीत ऑर्ग वापरणाऱ्याला एक अडचण हमखास येते. तक्त्यांच्या उभ्या रेघा जुळत नाहीत, कारण ते सगळं गणित एकसारख्या रुंदीच्या अक्षरांवर बसवलेलं, आणि आपल्या मात्रा-जोडाक्षरांना ती रुंदी मानवत नाही. आपण काय करतो? वैतागतो आणि तक्ता इंग्रजीत लिहितो. त्याऐवजी आवृत्ती कुठली, फॉन्ट कुठला, नेमकी कुठली ओळ टाइप केली, काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं, एवढं नीट लिहून कळवलं तर देवनागरीचं एक अक्षरही न वाचता येणारा माणूस त्यावर काम करू शकतो. मराठी वापरणाऱ्यांनी हे करावं असं मला फार मनापासून वाटतं. आपल्या लिपीची अडचण आपण नाही सांगितली तर सांगणार कोण?

प्रोग्राममधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनातही बदल जतन करताना सोबत नोंद लिहायची असते. काय बदललं ते गिट दाखवतंच. चांगल्या नोंदीत असतं ते का बदललं. अशा नोंदी असल्या की काम दुसऱ्याच्या हाती देणं सोपं जातं. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये सुरू केलेलं गिट त्याच वर्षी जुलैत जुनिओ हमानो यांच्या हाती दिलं, आणि हमानो ते अजून सांभाळतात. ही 'का' लिहायची सवय घरात यायला हवी. 'विमा बदलला' यावर थांबू नका. 'जुन्या पॉलिसीत आईच्या मोतीबिंदूला पुरेसे पैसे मिळत नव्हते, म्हणून बदलला' असं लिहा.

कारण घरात काय होतं ते आपण पाहतोच. सगळे व्यवहार बघणारा माणूस अचानक आयसीयूत जातो. कॅशलेसच्या खिडकीवर पॉलिसी नंबर मागतात. नंबर ॲपमध्ये, ॲप फोनमध्ये, फोनला त्याच्या बोटाचा ठसा. बायको आणि मुलगा बाहेरच्या बाकावर बसून जुने एसएमएस आठवत राहतात. त्या माणसाची यादी कदाचित अतिशय नेटकी असेल, रंगीत लेबलांसकट. तिचा त्या क्षणी काडीचा उपयोग नसतो.

तेव्हा एकच साधी फाइल करा. पॉलिसी, गॅसचा ग्राहक क्रमांक, सोसायटीचे कागद, बँकेतले नॉमिनी, कोणता कागद कोणत्या कपाटात. पासवर्ड त्यात लिहू नका. ते कुठे आहेत आणि कुणाला ठाऊक आहेत, तेवढं लिहा. प्रत्येक नोंदीला तारीख, वर्ष आधी. मग या रविवारी ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, मेडिक्लेमचा नंबर शोधायला सांगा, आणि स्वतः गप्प बसा. जिथे ती व्यक्ती अडेल, ती ओळ पुन्हा लिहा.