विश्लेषण : ‘बिग बॉय’ची ताकद व्हिडिओवरून कळते का? वाफेच्या इंजिनाची ओढ कशी मोजतात?

जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ब्लेअरजवळच्या चढावर एक मालगाडी अडकली. मागून ‘बिग बॉय ४०१४’ हे वाफेचं इंजिन आलं आणि त्यानं ती पुढे ढकलली. तिथले व्हिडिओ अजूनही फिरतात. ‘जुनं इंजिन आजच्या डिझेलपेक्षा ताकदवान’ असा निष्कर्षही अनेक जण काढतात. पण इंजिनाची ताकद अशी ठरते का?

हे इंजिन कोणतं?

‘युनियन पॅसिफिक’ रेल्वेसाठी १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ इंजिनं बांधली गेली. त्यांपैकी ४०१४ क्रमांकाचं इंजिन १९६१ मध्ये निवृत्त झालं आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथल्या संग्रहालयात उभं राहिलं. २०१३ मध्ये कंपनीनं ते परत घेतलं आणि दुरुस्त करून २०१९ मध्ये रुळांवर आणलं. आज चालू स्थितीत असलेलं हे एकमेव ‘बिग बॉय’ आहे.

६१ टनांचा आकडा कुठून आला?

या इंजिनाची ओढ १,३५,३७५ पाउंड, म्हणजे सुमारे ६१ टन सांगितली जाते. हा आकडा मोजलेला नाही, तो गणितानं काढलेला आहे. वाफेचा दाब, सिलिंडरचा व्यास, पिस्टनचा पल्ला आणि चाकांचा व्यास सूत्रात घातले की तो मिळतो. सिलिंडरमध्ये बॉयलरच्या ८५ टक्के दाब पोहोचतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. शिवाय हा जोर गाडी सुरू होतानाचा आहे.

मग खरी ओढ कशी मोजतात?

इंजिन आणि गाडी यांच्यामध्ये ‘डायनॅमोमीटर कार’ नावाचा खास डबा जोडतात. इंजिन किती जोरानं ओढतंय आणि वेग किती आहे, याची नोंद त्यातली उपकरणं सतत करतात. जोर आणि वेग यांच्या गुणाकारातून शक्ती, म्हणजे हॉर्सपॉवर कळते.

१९४३ च्या चाचण्यांत ‘बिग बॉय’नं ताशी सुमारे ६६ किलोमीटर वेगाला ६,२९० हॉर्सपॉवर दिली. हिशेब केला तर त्या वेगाला ओढ भरते सुमारे २६ टन, म्हणजे सूत्रातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. यात दोष कुणाचाच नाही. बॉयलर ठरावीक वेळात ठरावीक वाफच तयार करतो, त्यामुळे वेग वाढला की ओढ घटते.

चाकं घसरली तर?

६१ टनांचा जोर रुळांवर उतरायला चाकांची पकड लागते. ‘बिग बॉय’च्या ओढणाऱ्या १६ चाकांवर सुमारे २४५ टन वजन असतं. म्हणजे त्याच्या पाव भागाइतकी पकड हवी. पावसात किंवा तेलकट रुळांवर ती मिळत नाही, चाकं जागीच फिरतात. म्हणूनच इंजिनातून रुळांवर वाळू सोडतात.

व्हिडिओतून काय सिद्ध होतं?

इंजिन दुरुस्तीनंतर भक्कम चालतंय, एवढं नक्की दिसतं. पण मालगाडीला स्वतःची इंजिनं होती आणि ‘बिग बॉय’च्या मागेही सहसा एक डिझेल इंजिन असतं. त्यामुळे एकूण जोरात कुणाचा वाटा किती, हे नुसतं बघून सांगता येत नाही. शिवाय १९४३ मध्ये हे इंजिन कोळशावर चालत होतं, आता ते तेलावर चालतं. म्हणजे जुना मोजलेला आकडाही आजचा म्हणून खपवता येत नाही.

तुलनेसाठी, बिहारमधल्या मधेपुरा इथे बनणारं भारतीय रेल्वेचं ‘डब्ल्यूएजी-१२बी’ हे विद्युत इंजिन १२,००० हॉर्सपॉवरचं आहे.

हे मोजमाप फक्त हौशी वादासाठी नसतं. कोणत्या चढावर किती डबे जोडायचे, हे त्यावरून ठरतं. आकडा फुगवला तर गाडी चढावर अडकते आणि जुन्या यंत्रावर नको तितका ताण येतो. म्हणून पुढच्या वेळी असा दावा दिसला, तर तीन प्रश्न विचारावेत : आकडा सूत्राचा की उपकरणाचा? कोणत्या वेगाचा? आणि कोणत्या वर्षीचा?