सिग्नलला तुमची बाइक दिसते का?

रात्री चौक रिकामा, तुमची बाइक एकटीच उभी आणि दिवा लालच! सेन्सरवर चालणाऱ्या काही सिग्नलसाठी रस्त्यात तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वर वाहनाचा धातू आला की तारेतल्या विद्युतप्रवाहात फरक पडतो. कार लगेच कळते. बाइकमध्ये धातू कमी, म्हणून ती हुकू शकते. तारेसाठी कापलेली रेघ दिसली, तर चाकं तिच्यावर ठेवा.

पण जुळवून फक्त आपणच का घ्यायचं? देशातल्या नोंदणीकृत वाहनांत सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकीच आहेत. शिवाय २०१९च्या कायदादुरुस्तीनं लाल दिवा तोडणं 'धोकादायक ड्रायव्हिंग' ठरवलंय. म्हणजे यंत्र आंधळं अन् दंड तुम्हाला! उद्या यवतमाळच्या दत्त चौकात सेन्सर बसलाच, तर आधी विचारा: याला एकटी बाइक दिसते ना?