चक्कर, सलाईन आणि मंद नाडी

या सदरात आपण नेहमी पिकाचे बोलतो. आज नाडीचे बोलू. कारण माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत कोणत्याही गावी गेले तरी एक हकीकत ऐकायला मिळते. घरातले वडीलधारे माणूस उठता उठता कोसळते, मिनिटभरात डोळे उघडते, आणि 'अशक्तपणा आहे' म्हणून दोन बाटल्या सलाईन लावून त्याला घरी आणतात. कोणी फिट म्हणतो, कोणी वारे म्हणतो, कोणी देवऋषी गाठतो. नाडी मात्र कोणी मोजलेली नसते.

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० पडते. साठाच्या खाली गेली की तिला मंद म्हणायचे. पण मंद म्हणजे आजारी, असे नव्हे. तालमीत रोज घाम गाळणाऱ्या पैलवानाची नाडी ५० असू शकते. त्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते, म्हणून कमी ठोके पुरतात. मंद नाडीबरोबर चक्कर, बेशुद्धी, धाप, छातीत दुखणे किंवा पूर्वी नव्हता असा थकवा आला, तर मात्र जागे व्हावे. परवापर्यंत ओढ्यापलीकडून वैरण आणणारी आजी आता उंबऱ्याशीच टेकू लागली, तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये.

हृदय स्वतःच्या विजेवर चालते. ही वीज उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात उपजते आणि मधल्या एका दारातून खालच्या कप्प्यांत उतरते. कालव्याचे पाणी पोटपाटात सोडावे तसेच हे. दार गंजले की पाणी उशिरा येते. आणखी गंजले की एखादी पाळी चुकते. दार पुरतेच बंद पडले की खालचे रान आपल्या आडावर कसेबसे भिजते. यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. पुरता ब्लॉक झाला की नाडी ३०-४० वर येते, मेंदूला रक्त अपुरे पडते आणि माणूस कोसळतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणारा झटका निराळा, हे विजेचे दुखणे निराळे. लोक दोन्हींना 'ब्लॉकेज' म्हणतात आणि घोटाळा होतो.

दार गंजते ते बहुधा वयाने, कधी हृदयविकाराच्या झटक्यानंतर. पण कारण औषधाच्या डब्यातही सापडते. रक्तदाबाच्या एटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या, डिगॉक्सिन, एवढेच काय, काचबिंदूसाठी घालायचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा नाडी उतरवतात. थायरॉईड कमी पडले किंवा मूत्रपिंड बिघडून रक्तातले पोटॅशियम वाढले तरी तेच होते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्या आणि थेंब पिशवीत घालून न्यावेत. मनाने बंद मात्र करू नयेत.

आता माझ्या खात्याचे. बांधावरची कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांत हृदयाची वीज अडवणारे विष असते. वाळलेल्या पाल्यातही ते राहते. वैरणीत मिसळला गेला तर बैल-शेळ्या दगावतात. म्हणून छाटलेली कण्हेर गोठ्याजवळ टाकू नये. पोरे बिट्टीच्या बियांनी खेळतात. एखाद्याने बी चावले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. सुरुवातीला बरे वाटले तरी नाडी पुढे बिघडू शकते, म्हणून डॉक्टर ठेवून घेतील तेवढे राहावे.

दुसरी गोष्ट फवारणीची. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागा असोत की वाळव्याचा भाजीपाला, ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या औषधाची बाधा झाली की तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांची बाहुली बारीक होते आणि नाडी मंदावू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली, हे आपण वाचले आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा, निदान त्यावरचे लेबल, डॉक्टरांपुढे ठेवावे. उतारा त्यावरून ठरतो.

नाडी मोजणे सोपे आहे. पाच मिनिटे बसवावे, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवावीत (आपला अंगठा नको, त्याचीच नाडी लागते) आणि घड्याळ लावून पुरते एक मिनिट मोजावे. डेअरीच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहिले तरी चालेल. माणूस कोसळले तर आडवे ठेवून पाय उंच करावेत. कांदा, चप्पल हुंगवू नये. श्वास नसेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबावे. ज्याला अशी चक्कर येते त्याने तपासणी होईपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी आणि विहिरीचा काठ यांपासून लांब राहावे.

एकदा काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नये. ब्लॉक येतो-जातो. अशा वेळी चोवीस तास पट्टी लावून नोंद घेतात. सातारा, कराड, सांगली, मिरज येथे हृदयरोगतज्ज्ञ आहेत. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या मंडळींनी मात्र गाडीची सोय आधीच बोलून ठेवावी.

पुरता ब्लॉक असेल तर पेसमेकर हाच उपाय. 'म्हाताऱ्याला कशाला यंत्र?' हा प्रश्न मला मुळीच पटत नाही. काडेपेटीएवढे ते यंत्र छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवतात, छाती फाडावी लागत नाही. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना जगातला पहिला असा पेसमेकर बसवला. ते २००१ पर्यंत जगले. खर्चाची धास्ती असेल तर रेशनकार्ड घेऊन जावे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

यंत्र बसल्यावर महिना-दीड महिना त्या बाजूचा हात खांद्यावर उचलू नये, ओझे घेऊ नये. पुढे खुरपणी, धारा खुशाल कराव्यात. घरातला मिक्सर, टीव्ही चालतो. मोबाईल दुसऱ्या बाजूच्या खिशात ठेवावा. वेल्डिंग स्वतः करू नये आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला शिवू नये. आणि एक गोष्ट, जी बोलायला जड जाते : असे माणूस गेल्यावर दहनापूर्वी डॉक्टरांकडून यंत्र काढून घ्यावे, चितेत त्याची बॅटरी फुटते.