काम दुसऱ्याकडे, माप आपल्याकडे

सोलापूरच्या पूर्व भागातील एखाद्या बिडी कारखान्याच्या दाराशी सकाळच्या वेळी उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कारखान्याने दिलेली पाने, तंबाखू आणि दोरा घरी नेऊन वळलेल्या बिड्या टोपलीत घालून बायका रांगेने उभ्या असतात. हिशोब हजारावर चालतो. आत बसलेला तपासनीस एकेक जुडी हातात घेतो, पारखतो आणि न पटलेल्या बिड्या बाजूला काढतो. या 'छाटी'वरून या गावात भांडणे झाली आहेत, मोर्चेही निघाले आहेत. घरी बसून बिडी वळणारी बाई ही कायद्याने कामगारच होय, हे मान्य होण्यास १९६६ चा केंद्रीय कायदा यावा लागला. या व्यवस्थेतील अन्याय झाकण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु तिच्यातील एक गोष्ट निर्विवाद आहे. काम कारखान्याबाहेर गेले, तरी चांगली बिडी कोणती याचे ज्ञान कारखान्याबाहेर गेलेले नाही. माप काम देणाऱ्याच्या हातात आहे; किंबहुना जरुरीपेक्षा अधिक घट्ट आहे.

आता दुसरे दृश्य पाहा. एखाद्या सार्वजनिक कार्यालयात दाखल्यासाठी, निकालासाठी किंवा थकलेल्या वेतनासाठी माणसे उभी आहेत. संगणकाचा पडदा हलत नाही. खिडकीवरचा लिपिक सांगतो, सॉफ्टवेअर कंपनीचे आहे, कंपनीला कळवले आहे. त्याच्या वरचा अधिकारीही तेच सांगतो. नेमके काय बिघडले, का बिघडले आणि केव्हा दुरुस्त होईल, हे त्या इमारतीतील एकाही माणसाला सांगता येत नाही. तेथे काम बाहेर गेले आहे आणि कामाबरोबर मापही गेले आहे. ज्याने माल करावयाचा, त्यानेच तो बरा झाला असे सांगावयाचे, आणि कार्यालयाने बिलावर सही करावयाची, असा हा व्यवहार आहे.

हे असे का व्हावे? बाहेरच्याकडून आज्ञावल्या करवून घेण्याचा हा प्रकार, ज्यास आउटसोर्सिंग म्हणतात, महाराष्ट्राला नवा नाही. उलट त्यावरच येथील एक मोठा उद्योग उभा राहिला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था १९६८ साली मुंबईत सुरू झाली आणि सत्तरच्या दशकातच बरोज या अमेरिकन संगणक कंपनीशी तिचे संबंध जुळले. १९७३ साली अंधेरीस सीप्झचे निर्यात क्षेत्र उभे राहिले. १९८१ साली सात जणांनी इन्फोसिसची स्थापना केली ती पुण्यात. १९९१ साली केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची योजना संस्थारूपाने उभी केली, तेव्हा तिच्या आरंभीच्या केंद्रांत पुण्याचा समावेश होता. हिंजवडीच्या आजच्या भरभराटीमागे ही सारी परंपरा आहे, आणि सोलापूरच्या किती घरांतील मुलेमुली आज तेथे पोट भरतात, हे वाचकांना सांगावयास नको.

या मुलांना एकदा विचारून पाहावे, परदेशातील बँक किंवा विमा कंपनी तुम्हांस काम देते ती कशी? ते सांगतील की काम देण्याआधी आपल्याला काय हवे ते ती बारकाईने लिहून काढते. तयार झालेला माल ती आपल्या माणसांकडून तपासून घेते. मूळ आज्ञावली कोणाच्या मालकीची, हे करारातच ठरलेले असते. काम सात समुद्रांपलीकडे गेले, तरी ते जाणणारी मंडळी तिच्या कचेरीत बसलेली असतात. म्हणजे काम कसे घ्यावे ही विद्या आपण पन्नास वर्षांत उत्तम शिकलो. मात्र काम कसे द्यावे ही तिची जोडविद्या, जी गिऱ्हाइकाकडे पाहून फुकट शिकता आली असती, ती आपल्या सार्वजनिक संस्थांनी आत्मसात केली नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबई विद्यापीठाचा २०१७ सालचा उन्हाळा. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने त्या वर्षी सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. कल्पना वाईट नव्हती. परंतु सतरा लाखांच्या घरातील उत्तरपत्रिकांचे हे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपविण्याचा निर्णय झाला, तेव्हा परीक्षांचा हंगाम सुरू होऊन गेला होता. लहान प्रमाणावर चाचणी घ्यावी, प्राध्यापकांना सराव द्यावा, जुनी पद्धत काही काळ जोडीला चालू ठेवावी, यांपैकी कशालाही पुरेसा अवधी उरला नाही. पंचेचाळीस दिवसांत लागावयाचे निकाल रेंगाळत राहिले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. पुढील शिक्षणाचे प्रवेश अडकले, हाती आलेल्या नोकऱ्या टांगणीस लागल्या. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद गेले ते कुलगुरूंचे, वर्ष गेले ते विद्यार्थ्यांचे. यात यंत्राचा दोष किती आणि माणसाचा किती, हा वाद चालेल तितका चालो. आमच्या मते मूळ दोष एकच होता. जे काम दिले, त्याचा आवाका देणाऱ्यालाच ठाऊक नव्हता.

हे उदाहरण एकाकी असते, तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. २०१८ च्या आरंभी शिक्षकांच्या वेतनाची 'शालार्थ' प्रणाली बंद पडली आणि महिनोन्‌महिने वेतनपत्रके जुन्या पद्धतीने करावी लागली. त्या दिवसांत शाळांतील लिपिकांनी काय सोसले, ते त्यांनाच विचारावे. सरकारी नोकरभरतीसाठी उभारलेले 'महापरीक्षा' पोर्टल उमेदवारांच्या असंतोषामुळे २०२० साली गुंडाळावे लागले. त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षेचे प्रकरण उजेडात आले. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या आयुक्तांना आणि परीक्षेचे तांत्रिक काम पाहणाऱ्या कंपनीच्या चालकाला पोलिसांनी अटक केली, आणि पुढे सात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. कोण किती दोषी, हे न्यायासनाने ठरवावयाचे आहे. पण राखण करणाऱ्याला पिकाची मोजणी येत नसेल, तर कुंपणाने शेत खाल्ले तरी ते वेळीच कळावे कसे?

यावर कोणी म्हणेल, मग सरकारने सारे घरीच करावे. आम्ही तसे म्हणत नाही. घरी करण्याचा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र ही केंद्र सरकारची स्वतःची संस्था १९७६ पासून काम करीत आहे, आणि महाराष्ट्रातील सातबाराच्या संगणकीकरणात तिचा मोठा वाटा आहे. त्या कामातही चुका निघाल्या, सर्व्हर रखडले, तलाठ्यांनी तक्रारी केल्या. मात्र फेरफार कसा होतो, हे जाणणाऱ्या महसूल खात्याच्या मंडळींना प्रणाली करणाऱ्यांशी बसून बोलता आले, आणि चुका काढून टाकण्याची वाट मोकळी राहिली. शिवाय प्रत्येक नगरपालिकेने व प्रत्येक महाविद्यालयाने आपापला आज्ञावलीकार पोसावा, हे व्यवहार्य नाही. या धंद्यात कुशल माणसाला बाहेर जो पगार मिळतो, तो सरकारी वेतनश्रेणीत बसत नाही. तेव्हा काम बाहेर जाणारच. प्रश्न आहे तो एवढाच की, कामाबरोबर काय काय बाहेर जावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर निविदेतच द्यावे लागेल. आज निविदा उघडते ती बहुधा किमतीच्या आकड्यावर. सर्वांत कमी रक्कम सांगणाऱ्याला काम द्यावे, हा नियम खडी आणि सिमेंट विकत घेताना एक वेळ ठीक. आज्ञावली ही पोते मोजून घेण्याची वस्तू नव्हे. स्वस्तात काम घेणारा पहिल्या वर्षी जे सोडतो, ते दुरुस्तीच्या आणि देखभालीच्या बिलांत पुढे वसूल करतो. आणि एकदा सारी माहिती त्याच्याच पेटीत गेली, की संस्थेला त्याला सोडताही येत नाही. यासाठी काही अटी करारात असल्याच पाहिजेत. आज्ञावलीची मूळ संहिता आणि साठलेली माहिती संस्थेच्या मालकीची राहावी. खरे काम सोपविण्याआधी थोड्या कामावर चाचणी व्हावी, आणि ती कंपनीच्या नव्हे, संस्थेच्या माणसांनी घ्यावी. पैसे टप्प्याटप्प्याने आणि टप्पा पार पडल्यावरच द्यावेत. बिघाड किती तासांत दूर व्हावा आणि न झाल्यास दंड किती, हे आकड्यांत लिहिलेले असावे. करार संपताना सर्व माहिती दुसऱ्याला वाचता येईल अशा रूपात परत मिळावी. यात नवे असे काही नाही. घर बांधावयास देणारा शहाणा शिक्षकसुद्धा कंत्राटदाराकडून याहून अधिक लिहून घेतो.

परंतु करार कितीही पक्का केला, तरी तो वाचणारा माणूस लागतो. असा माणूस शोधण्यास दूर जावयाचे कारण नाही. तो कार्यालयातच बसलेला आहे. पंचवीस वर्षे वेतनपत्रके करणाऱ्या लिपिकाला कोणती वजावट कोठे अडते, कोणत्या महिन्यात कोणता गोंधळ होतो, हे तोंडपाठ असते. परीक्षा विभागातील जुन्या कर्मचाऱ्याला नापासाची, एटीकेटीची आणि पुनर्मूल्यांकनाची एकेक आडवाट ठाऊक असते. नवी प्रणाली आणताना या माणसांना विचारले जाते ते सर्वांत शेवटी, बहुधा उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच्या प्रशिक्षण वर्गात. त्यांनीही, खरे सांगावयाचे तर, संगणक आपली खुर्ची काढून घेईल या धास्तीने अनेकदा अंग चोरले आहे. ही धास्ती समजण्यासारखी आहे, पण ती आता सोडली पाहिजे. ज्याला काम कळते, त्याची खुर्ची संगणक नेत नाही. कामाची जाण कंपनीच्या हवाली करून जो मोकळा होतो, त्याची खुर्ची मात्र रिकामीच समजावी. प्रत्येक प्रणालीसाठी अशा जाणत्या कर्मचाऱ्यांची एक लहान समिती असावी, आणि तिच्या सहीवाचून बिल निघू नये, अशी आमची सूचना आहे.

सोलापुरास तर या बाबतीत एक विशेष संधी आहे. येथे २००४ साली एकट्या या जिल्ह्यासाठी विद्यापीठ स्थापन झाले. ते आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून अभियंते घडवीत आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेची पहिली वीस शहरे निवडली गेली, त्यांत सोलापूर होते. एकीकडे आज्ञावलीची विद्या शिकविणाऱ्या संस्था आणि दुसरीकडे ती विद्या विकत घेणारी महापालिका व जिल्हा परिषद, असे दोन्ही काठ या गावात आहेत. मधला पूल तेवढा बांधावयाचा आहे. सार्वजनिक संस्था बाहेरून ज्या प्रणाली घेतील, त्यांची स्वतंत्र तपासणी येथील प्राध्यापकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हाताशी धरून करावी. त्याचा रास्त मोबदला द्यावा. विद्यार्थ्यांकडून फुकट राबवून घेण्याची नवी वेठबिगारी त्यातून निघता कामा नये. मुलांना खरे काम पाहावयास मिळेल आणि महापालिकेला आपले म्हणता येईल असे जाणते डोळे मिळतील. पुण्याची गाडी पकडणाऱ्या सर्वांना याने थांबविता येणार नाही, पण थोड्यांना तरी गावात राहण्यास कारण मिळेल.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे कधी कधी अपरिहार्य असते. परंतु तहान किती, पाणी स्वच्छ की गढूळ, हेही ओंजळ धरणाऱ्यालाच विचारावयाचे झाले, तर ते पाणी पिणे नव्हे, परावलंबन होय. मुंबईच्या त्या उन्हाळ्याची किंमत कंपनीने दिली नाही, फायलीने दिली नाही. ती निकालाची वाट पाहणाऱ्या मुलामुलींनी दिली. या जिल्ह्यातील कोणत्याही संस्थेचे पुढचे कंत्राट निघेल, तेव्हा रक्कम किती याबरोबरच आणखी एक प्रश्न शिक्षकांनी, लिपिकांनी आणि विद्यार्थ्यांनी उघडपणे विचारावा. आलेला माल तपासणारे आपले माणूस कोण? त्याचे नाव सांगता येत नसेल, तर त्या कंत्राटावर सही होऊ नये.